हुलग्यांची पिशवी

काकू,
मी ३४ वर्षांची, ठाण्यात राहते, नोकरी करते. आठ महिन्यांपूर्वी मांस, अंडी, दूध सगळं सोडलं. वडिलांना हृदयविकाराचा झटका आला, माझंही कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं, आणि जनावरांचे हाल बघवत नाहीत हेही आहेच. पण हे फार महाग पडतंय. बदामाचं दूध, किनवा, टोफू, प्रोटीन पावडर मिळून महिन्याला सहा-सात हजार जादा जातात. नवरा म्हणतो, ही श्रीमंतांची थेरं आहेत. सात वर्षांची मुलगी माझ्या ताटातल्या कशाला हात लावत नाही. सासूबाई सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात असतात. दर दिवाळीला हुलगे (कुळीथ) आणि मटकीची पिशवी देतात, पण त्याला भुंगे लागतात आणि टाकूनच द्यावी लागते, म्हणजे तिकडूनही मदत अशी काही नाही. हल्ली दमायला फार होतं. परवडेल आणि तब्येतही राहील असं जेवण कसं जमवू? नवऱ्याला कसं समजावू?
– दमलेली, ठाणे

अगं दमलेल्या बाई,

तुझं पत्र वाचताना मी त्या पिशवीपाशी अडकले. तू एका वाक्यात उरकलंस, मला ते उरकता येईना.

माण म्हणजे पाऊस आला तर आला असा मुलूख. दुसरं काही धरत नाही अशा मुरमाड रानात तिथे हुलगा आणि मटकी तग धरतात. पीक उपटायचं, खळ्यावर वाळवायचं, बडवायचं, वाऱ्याला उपणायचं, सुपात पाखडायचं. मग मांडी घालून खडे निवडायचे. हुलग्यातला खडा हुलग्याएवढाच आणि त्याच रंगाचा असतो, नजरेला फसवतो. बोटांनाच कळावा लागतो. एवढं सगळं होऊन ती पिशवी ठाण्याला येते, तुझ्या ओट्याखाली पडून राहते आणि एक दिवस कचऱ्यात जाते. आणि तू मला विचारतेस, स्वस्तात पौष्टिक काय खाऊ?

मला राग आला. तो लपवावासा वाटत नाही.

शंभर ग्रॅम हुलग्यात साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात, मटकीत २० च्या आसपास. शिवाय लोह, कॅल्शियम. तुझ्या बदामाच्या दुधाच्या खोक्यामागे बारीक अक्षरात काय छापलंय ते आज नीट वाच. पेलाभर दुधात एक ग्रॅमच्या जवळपास प्रथिनं निघतील, बाकी बहुतेक पाणी. किनव्यात वाईट काही नाही, पण एका किलोच्या पैशात चार-पाच किलो ज्वारी येते. प्रथिनं ज्यांची बनतात त्यातलं ज्वारीत जे अमिनो आम्ल कमी पडतं ते कडधान्यात भरपूर असतं आणि कडधान्यात जे कमी असतं ते ज्वारीत असतं. भाकरी आणि उसळ एका ताटात आल्या की ती पावडर कशाला लागते? टोफू आवडत असेल तर ठेव. बाकीची यादी फाड.

तू केलेला निर्णय मला मनापासून पटतो. वडिलांचं दुखणं पाहून तू जागी झालीस, जनावरांसाठी तुझा जीव तुटतो, हे चांगलं आहे, त्यात मागे हटू नकोस. पण असं जेवण म्हणजे काहीतरी नवीन, बाहेरून आणायचं, पाकिटातून काढायचं, असं तुझ्या डोक्यात कुणी भरवलं? तुझ्या सासूबाईंच्या घरात आठवड्यातले किती दिवस ताटात मांस-मच्छी असते, एकदा विचारून बघ. भाकरी, कळण, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची नाहीतर कारळ्याची चटणी, कांदा. याला त्या काही नाव देत नाहीत, म्हणून तुला ते दिसत नाही. 'तिकडून मदत अशी काही नाही' हे वाक्य खोडून टाक. सगळ्यात मोठी मदत तिकडूनच येतेय, तीही फुकट.

आता तुझं दमणं. हा विषय मी हलका घेणार नाही. दूधसुद्धा सोडलंस, तर बी-१२ जीवनसत्त्व तुला रोजच्या जेवणातून मिळणार नाही. ते हुलग्यात नाही, पालेभाजीत नाही, कितीही निगुतीने रांधलंस तरी नाही. शरीरात आधीचा साठा असतो, म्हणून कमतरता उशिरा कळते आणि तोवर हातापायांना मुंग्या, विसराळूपणा असं काय काय सुरू झालेलं असतं. याच आठवड्यात रक्त तपासून घे, बी-१२ आणि हिमोग्लोबिन दोन्ही. डॉक्टरांना सांग मी दूधही घेत नाही, आणि ते देतील ती गोळी न चुकता घे. जेवणावर लगेच चहा घेत असशील तर तो तासभर पुढे ढकल, कोराही नको, कारण चहा जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही. त्याउलट उसळीवर लिंबू पिळलंस तर जास्त लोह शोषलं जातं. कॅल्शियमसाठी नाचणी खा. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, गाईच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट. कोलेस्टेरॉलचं म्हणशील, तर खोबऱ्याचं वाटण आणि तळण जपून, जवसाची चटणी मात्र रोज.

नवऱ्याबद्दल मला फार बोलायचं नाही. 'थेरं' म्हणाला ते बोलणं वाईट, पण सहा-सात हजारांचा हिशेब त्याचा बरोबर आहे. आणि पिशवी त्याच्या आईची. ती कचऱ्यात जाताना तोही बघत बसतो, त्याबद्दल तू त्याला जरूर विचार. समजावत मात्र बसू नकोस. माणमधला मुलगा माडगं, म्हणजे हुलग्याच्या पिठाची पातळ पेज, पिऊन मोठा झालेला असणार. गरम माडग्याची वाटी पुढे आल्यावर तो काय बोलतो ते बघू.

तुला मी एकच गोष्ट करायला सांगणार आहे. आज संध्याकाळी सासूबाईंना फोन कर. नवऱ्याने लावून दिलेला नाही, तुझा तू. खरं काय ते सांग, की आई, तुम्ही दिलेले हुलगे माझ्याच्याने टिकत नाहीत, मला करायलाही येत नाहीत, शिकवा. दूध सोडल्याचं त्यांना सांगितलं नसशील तर तेही सांग. त्यांना थोडं वाईट वाटेल, एखादं वाक्य ऐकून घ्यावं लागेल, ऐकून घे. मग माडगं विचार, हुलग्याच्या पिठाचे वळून शिजवलेले शेंगोळे विचार. हुलगे किती भाजायचे, पीठ किती बारीक दळायचं, आधणात घालताना गुठळी कशी होऊ द्यायची नाही, हे त्या जसं सांगतील तसं मी लिहून सांगू शकणार नाही. प्रत्येक घरचं माडगं वेगळं असतं आणि तुला त्या घरचं यायला हवं. लेकीला शेजारी बसवून शेंगोळे वळायला दे. तिच्या हातून वाकडेतिकडे होतील, पण स्वतः वळलेलं ती खाऊन बघेल. तिच्या माडग्यात गूळ आणि चिमूटभर सुंठ घाल.

यंदाच्या पिशवीचं तेवढं सांगून ठेवते. भुंग्यांची अंडी बऱ्याचदा रानातूनच दाण्याला चिकटून येतात, त्यात तुझ्या घराचा दोष नाही. पण ठाण्याच्या दमट हवेत ती भराभर वाढतात. पिशवी आली की घट्ट बांधून पाच-सहा दिवस फ्रीझरमध्ये ठेव. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नकोस, नाहीतर गार दाण्यांवर पाणी धरेल. तिचा गारवा पूर्ण गेला की उघड, कडक उन्हात एक दिवस वाळव आणि कोरड्या डब्यात भर. सासूबाई राख चोळायला सांगतील किंवा कडुनिंबाचा पाला घालायला सांगतील, तेही कर. हुलगे रात्रभर भिजव, कपड्यात बांधून मोड आण, कुकरच्या पाच-सहा शिट्ट्या होऊ दे. वरचं पाणी ओतून देऊ नकोस. त्याला लसूण-जिऱ्याची फोडणी दिलीस की कळण झालं.

फोन साडेसातच्या आत कर. गावाकडे माणसं लवकर जेवून झोपतात.