चलनावरची सही

प्रश्न : तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका गोडाऊनमध्ये मी सहा वर्षांपासून माल पाठवण्याच्या विभागात आहे. ख्रिस्ती माणूस कामाला नाही म्हणत नाही, असे हसत हसत सांगून सहकारी आपली कामे माझ्याकडे सरकवतात. रविवारची पाळी बहुधा माझ्याच वाट्याला येते आणि उपासना चुकते. हल्ली सुपरवायझर न मोजलेल्या मालाच्या चलनावरही माझीच सही मागतात, कारण तिच्यावर कोणी शंका घेत नाही. हे सारे माझ्या विश्वासाची साक्ष म्हणून सोसावे काय? — एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी सहीविषयी, कारण तेथे फार विचार करण्यासारखे काही नाही. ती सही तुमची सहा वर्षांची कमाई आहे आणि न मोजलेल्या पेट्यांसाठी ती दिलीत, तर माल कमी भरेल त्या दिवशी ती कमाई संपेल. मोजायला किती वेळ लागेल ते सुपरवायझरना सांगा. तेवढा वेळ मिळाला नाही, तर सही करू नका. बायबलमधील दानिएलाच्या पुस्तकात, सहाव्या अध्यायात, राजाचा अधिकारी असलेल्या दानिएलाचे विरोधक आधी त्याचा कारभार तपासतात आणि त्यात दोष सापडत नाही म्हणून मग त्याच्या प्रार्थनेकडे वळतात; प्रार्थनेपायी त्याला सिंहांच्या गुहेत टाकले जाते, त्या गुहेकडे धावताना हा क्रम आपण विसरतो.

सहकाऱ्यांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, हे कलस्सैकरांस पत्रातील वचन (3:23) तुम्ही अनेकदा ऐकले असेल. पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने ते दासांना लिहिले होते, ज्यांना काम सोडण्याची वा पाळी बदलून मागण्याची सोयच नव्हती. ज्यांच्या श्रमाला जगात मान नव्हता त्यांना, तुमचे काम प्रभू पाहतो, असा धीर त्यात आहे. त्याला लागूनच, 4:1 मध्ये, धन्यांनी दासांशी न्यायाने व समतेने वागावे अशी आज्ञा येते. अध्यायांची विभागणी पौलाने केलेली नाही, पण आपली प्रवचने मात्र बहुधा तिसऱ्या अध्यायाबरोबरच आटोपतात!

ज्याचे होय हे खरोखर होय असावे (मत्तय 5:37), त्याला नाही म्हणता आले पाहिजे. चौघांची कामे अंगावर घेऊन स्वतःचे काम रात्री घाईने उरकणारा माणूस प्रेमळ असेल, पण त्याच्यावर विसंबता येत नाही. कोणाच्या घरी आजारपण असेल तर हिशेब न ठेवता मदत करा. रोज लवकरची लोकल पकडणाऱ्याचे काम मात्र त्याचे त्यालाच करू द्या. जादा तासांची मजुरी मागण्यातही संकोच नको, कारण अडवून ठेवलेली मजुरी ओरडते, असे याकोबाने आपल्या पत्रात (5:4) मालकांनाच सुनावले आहे.

रविवारसाठी लेखी अर्ज द्या. गणपतीत आणि दिवाळीत सहकाऱ्यांना सुटी हवी असते. त्या दिवसांच्या पाळ्या तुम्ही घ्या आणि त्या बदल्यात महिन्यातील तीन रविवार मागा. उरलेल्या रविवारी संध्याकाळची उपासना जवळच्या कोणत्या मंडळीत होते, ते तुमच्या पाळकांना विचारून ठेवा.