शालीची लोकर आणायला जाशील त्याआधी

प्रिय पोरी,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. ऑफिसातून आलं की डोकं बंदच होत नाही, झोप येत नाही म्हणून क्रोशाची शाल करायला घेणार, काकू लोकर किती आणू. एवढंच विचारलंयस पण उत्तर लांबेल, चहा घेऊन बस.

आधी हे सांगते की पहिले चार दिवस रिलॅक्स वगैरे काही होणार नाही. सुई धरता येत नाही, लोकर बोटावरनं घसरते, साखळी इतकी घट्ट पडते की पुढच्या ओळीत सुईच आत शिरत नाही आणि फोनवरची बाई मात्र हसत हसत भराभरा विणत असते, त्यामुळे उलट चिडचिड होते. व्हिडिओचा स्पीड अर्धा कर. आणि लोकर आवळू नकोस, सैल धर, तू मोबाईलसुद्धा गच्च पकडून बसतेस ते मी पाहिलंय.

तू पाठवलेलं ते अननसाच्या नक्षीचं डिझाईन सुंदर आहे पण आत्ता नको. त्यात प्रत्येक ओळ वेगळी, सारखं चार्टमधे बघायचं, दिवसभर एक्सेल केल्यावर रात्री परत एक्सेल कशाला? तिकोनी शाल घे, तिकडी वाली, म्हणजे एकाच भोकात तीन खांब (खांब म्हणजे क्रोशाचा उंच टाका). वरच्या मध्यावर एक छोटी रिंग करून सुरुवात, मग प्रत्येक ओळीत जिथे भोक दिसेल तिथे एक तिकडी, दोन्ही टोकांना एकेक, आणि मधल्या कोपऱ्यात तीन खांब, दोन साखळ्या, परत तीन खांब. संपलं डिझाईन. दहा ओळींनंतर हात आपोआप चालतो आणि तू खिडकीबाहेर बघत किंवा आईशी भांडत विणू शकतेस. कोपऱ्यात एक सेफ्टी पिन अडकवून ठेव आणि दर ओळीला वर सरकव. मी एकदा कोपरा विसरले होते, एकच तिकडी घालून पुढे गेले, आणि ते कळलं कधी तर पुण्याहून येताना एसटी खंबाटकीच्या घाटात असताना, शाल मांडीवर पसरली तर एक पंख आखूड. सहा ओळी उसवल्या तिथेच. शेजारच्या आजी इतक्या हळहळल्या जसं काही माझं पाकीट गेलंय! पण क्रोशाचं हेच बरं आहे, दोन सुयांच्या विणकामात अख्खी ओळ सुईवर उघडी असते, सुई निसटली की घरं, म्हणजे टाके, पळतात, इथे एका वेळी एकच घर उघडं. पिशवीत कोंब, गाडीत काढ, काही बिघडत नाही.

आता लोकर. इथे मी स्वतः तोंडावर आपटलेय म्हणून नीट ऐक. माझ्या पहिल्या शालीला डाळिंबी रंगाचे 50 ग्रॅमचे दोन गुंडे आणले होते. पहिला गुंडा 20 ओळींना पुरला. मी म्हटलं शाल 40 ओळींची, म्हणजे दोन गुंडे बास, आपला हिशोब एकदम पक्का. 28 ओळींवर दुसरा संपला. मला कळेचना, घरात कुणी कापून नेली की काय. मग एका रविवारी वही घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं की पहिल्या ओळीत दोन तिकड्या असतात, दुसरीत चार, तिसरीत सहा, असं करत चाळिसावीत 80 म्हणजे 240 खांब. ओळ रोज लांबत जाते ना. 40 ओळींचे मिळून 4920 खांब होतात आणि विसाव्या ओळीपर्यंत झालेले असतात फक्त 1260, जेमतेम पाव. म्हणजे अर्ध्या ओळी झाल्या तेव्हा पाव लोकर गेलेली असते, आणि खरी अर्धी शाल होते 28 ओळींना. तेव्हा तू पहिला गुंडा संपेपर्यंत ओळी मोज, त्याच्या दुप्पट ओळी हव्या असतील तर एकूण चार गुंडे, वर काठासाठी एक. गोंडे लावायचे असले तर अजून एक.

पण हे सगळे एकदमच आण. मी दोन महिन्यांनी परत त्याच दुकानात गेले, शेड नंबर तोच, दुकानदार म्हणाले ताई तोच माल आहे, ट्यूबलाईटखाली तोच दिसला पण. घरी गच्चीवर उन्हात धरला तर जुना डाळिंबी आणि नवा विटकरी. लेबलवर शेड नंबरच्या शेजारी लॉट नंबर असतो, रंगवायचा घाणा वेगळा की छटा वेगळी, तो मी बघितलाच नव्हता. तेव्हा कुणी सांगितलं असतं की थोडी जुनी लोकर राखून दोन ओळी जुन्या दोन ओळी नव्या अशा घाल म्हणजे फरक मिसळून जातो, तर बरं झालं असतं. माझ्या शालीला अजून तो पट्टा आहे आणि दर थंडीत कुणीतरी विचारतंच की हे डिझाईन कुठलं.

ओरिजिनल देशी लोकरच घ्यायची असं तू म्हणतेस ते मनातनं काढ. आपल्याकडे म्हसवडला दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी होतात, मागावर, चिंचोक्याची खळ लावून, ती अंथरायला पांघरायला एक नंबर, पण तीच लोकर मानेभोवती घेतलीस तर रात्रभर खाजवत बसशील. साधी अ‍ॅक्रिलिक घे, मऊ असते, स्वस्त असते, कसर लागत नाही. फक्त तिच्यावर इस्त्री फिरवू नको, उष्णतेने पार लुळी पडते आणि मग काही केल्या पूर्ववत होत नाही.

अजून एक, फोनवर अमेरिकन बाई डबल क्रोशे म्हणते तो आपला खांब, पण इंग्लंडची बाई डबल क्रोशे म्हणते तो आपला मुका खांब, म्हणजे बुटका टाका. शाल बुटकी आणि जाड व्हायला लागली तर समज चुकीच्या देशात शिरलीस.

आणि ते दिवाळीपर्यंत पूर्ण करून सासूबाईंना द्यायचं वगैरे प्लॅन कृपा करून करू नकोस. एकदा तारीख ठरली की तेही ऑफिसचंच काम. शेवटच्या दहा ओळी भयानक लांब असतात, एकेका ओळीला रात्रीची अख्खी मालिका जाते, तिथेच बहुतेकींच्या शाली कपाटात जातात. त्या दिवसात एक रात्र एक ओळ, बास, मनगट दुखायला लागलं तर अर्धी ओळ.

सुई विकत घेऊ नको, माझ्याकडे पाच एमएमची जास्तीची आहे. शनिवारी साताऱ्याला येशील तेव्हा मोती चौकातनं लोकर घेऊनच घरी ये, आणि लॉट नंबर दुकानाच्या बाहेर येऊन उजेडात वाच.

तुझी,
काकू

(पांढरी घेऊ नकोस हां, तुमच्याकडे मांजर आहे.)