तलावाकाठी सहस्रचंद्रदर्शन: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: सासूबाईंना ८१वं लागलंय. त्यांचं माहेर मालवण तालुक्यातलं, म्हणून धामापूर तलावाजवळचं चार खोल्यांचं कौलारू घर तीन दिवस भाड्याने घेऊन तिथे सहस्रचंद्रदर्शन करायचा विचार आहे. दोन वर्षांच्या पणतवापासून सासूबाईंपर्यंत आम्ही ३० जण. मुलांच्या सुटीमुळे मे महिना सोयीचा, पण काहीजण डिसेंबर म्हणतात. कधी करावं?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: डिसेंबरचा पहिला पंधरवडा किंवा जानेवारीचा मध्य. मेमध्ये आंबे असतात हे खरं, पण त्याच महिन्यात विहिरी तळाला जातात, घामाने जीव नकोसा होतो आणि वळवाच्या वाऱ्यात झाड तारेवर पडलं की वीज कधी येईल याचा भरवसा नसतो. ८१ वर्षांच्या माणसाला हे तीन दिवस सोसायला लावू नका. नाताळचा आठवडाही टाळा, मालवण-तारकर्लीच्या गर्दीने गाड्या आणि भाडी दोन्ही हाताबाहेर जातात. फेब्रुवारी धरलात तर आधी आंगणेवाडीच्या जत्रेची चौकशी करा. ती तारीख पंचांगात सापडत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते आणि जाहीर झाली की रेल्वेची तिकिटं बघता बघता संपतात.

एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस. हजार पौर्णिमा पुऱ्या व्हायला ८० वर्षं आणि सुमारे १० महिने लागतात. सासूबाईंची जन्मतारीख धरून एवढा हिशोब करा. त्यानंतरचा सोयीचा कुठलाही दिवस चालतो, वाढदिवसाच्याच तारखेला अडून बसायचं कारण नाही. जमल्यास पौर्णिमेचा दिवस धरा. त्या दिवशी चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच उगवतो, त्यामुळे पणतवंडांना न जागवता सगळ्यांना आजींसोबत दर्शन घेता येतं. पुढच्या दिवशी तोच पाऊण-एक तास उशिरा येतो.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात, पण सासूबाईंचं तिकीट त्या सहांत घालू नका. ज्येष्ठांसाठीचा खालच्या बर्थचा कोटा एकट्याने किंवा दोघांनीच प्रवास करणाऱ्यांना मिळतो, आणि दोघांत दुसरा प्रवासीही त्या निकषात बसणारा लागतो. स्त्रियांना ही सवलत ४५ वर्षांपासून आहे, तेव्हा त्यांचं आणि तुमच्यासारख्या सुनेचं किंवा लेकीचं तिकीट वेगळं काढा. कुडाळला उतरा.

प्रश्न: मालक म्हणतात, गाद्या टाकून ३० माणसं आरामात झोपतील. घर बघायला जाऊ तेव्हा काय बघू?

उत्तर: झोपायची चिंता सर्वांत शेवटी करा. आधी पाणी बघा. आंघोळ, संडास, स्वयंपाक, भांडी धरून माणशी १०० लिटर म्हटलं तरी दिवसाला ३,००० लिटर होतात. वरची टाकी बहुधा १,००० लिटरची असते, म्हणजे दिवसातून तीनदा पंप लावावा लागणार. वीज गेली की पंप बंद, आणि नेमकी सकाळी आठला टाकी कोरडी. त्यामुळे २०० लिटरचे दोन पिंप संडासाजवळ रोज रात्री भरून ठेवायला सांगा आणि विहिरीला रहाट किंवा निदान दोर-कळशी आहे का ते पाहा.

संडास ३० जणांना चार तरी हवेत. घरात दोनच असतील तर शेजारचं घर न्याहारीपर्यंतच्या वेळेपुरतं ठरवा किंवा दहा जणांची झोपायची सोय दुसरीकडे करा. संडासाच्या टाकीचा मैला आधी उपसून घ्यायला मालकांना सांगा. एकदम ३० माणसांचा भार आला की भरत आलेली टाकी दुसऱ्याच दिवशी उलटते.

मग उंबरठे. जुन्या कोकणी घराचं जोतं उंच, पायऱ्या उंच आणि बाजूला धरायला काही नाही. टेप घेऊन जा. सासूबाई चाकाच्या खुर्चीवर असतील तर प्रत्येक इंच चढासाठी एक फूट लांब फळी लागते. सहा इंचांच्या पायरीला सहा फूट. त्यापेक्षा आखूड फळी लावली तर चढवताना खुर्ची मागे कलते. चालत असतील तर दोन्ही बाजूंना बांबूचा कठडा बांधून घ्या. त्यांची खोली संडासाला लागून असलेलीच निवडा, पलंग १८ ते २० इंच उंच असावा आणि रात्रभर एक मंद दिवा चालू राहू द्या.

इन्व्हर्टरची १५० एएचची एक बॅटरी साधे सहा पंखे आणि चार-पाच दिवे जेमतेम दोन तास ओढते. तिच्यावर फक्त सासूबाईंची खोली, संडासाची वाट आणि स्वयंपाकघर ठेवा. कुणाचं इन्सुलिन असेल तर बर्फाचा डबा वेगळा न्या, पण इन्सुलिन बर्फाला थेट टेकू देऊ नका, गोठलं की वाया गेलं.

प्रश्न: स्वयंपाक घरच्यांनीच करावा अशी सासूबाईंची इच्छा आहे. किती सामान लागेल?

उत्तर: इच्छा मोडू नका, पण तिन्ही दिवस सुनांनाच चुलीशी उभं करू नका. मुख्य दिवसाचं जेवण घरच्यांनी, बाकीचं गावातल्या महिला बचत गटाला द्या. घावणे, आंबोळ्या, पेज त्याच उत्तम करतात.

मुख्य जेवणाला काळ्या वाटाण्याची उसळ, वडे, भात, सोलकढी आणि खीर पुरे. वाटाणे दीड किलो, आदल्या रात्री १० ते १२ तास भिजवा. वड्याचं पीठ तीन किलो, साधारण १२० वडे होतात. पीठ गरम पाण्याने घट्ट मळून चार-पाच तास ठेवा. सैल मळलं तर वडा तेल पितो आणि फुगत नाही. तांदूळ तीन किलो. सोलकढीला सहा मोठे नारळ आणि पाव लिटर आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस. नारळाचा रस पूर्ण निवल्याशिवाय आगळ घालू नका, फाटतो. आगळात मीठ असतंच, म्हणून मीठ शेवटी चव घेऊन. उन्हात ठेवलेली सोलकढी चार तासांत आंबते, तेव्हा ती जेवणाच्या तासभर आधीच करा.

औक्षणाचे ८१ दिवे कणकेचे करायचे तर दीड किलो कणीक घट्ट मळा आणि १२ मिनिटं उकडा. तूप अर्धा लिटर, फुलवाती शंभर. दिवे तलावाच्या काठावर मांडायचा मोह होईल, पण दहानंतर वारा सुटतो आणि निम्मे विझतात. बंद माजघरात लावले तर उकडून आजींना गुदमरायला होतं. सकाळी नऊच्या आत, ओसरीवर, वाऱ्याच्या बाजूला चादर बांधून करा. औक्षण अर्ध्या तासात आटपा. मोठं कुटुंब एकेक करून ओवाळायला लागलं की तास-दीड तास जातो, म्हणून घरागणिक एकच ताट फिरवा.

प्रश्न: मुलांना तलावात उतरू द्यावं का?

उत्तर: नाही. काठ सोडला की एकदम खोल आहे, तळाशी गाळ आणि वेली पायात अडकतात. पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात. काठावर खेळतानाही एका मोठ्या माणसाकडे फक्त तेच काम द्या आणि दर अर्ध्या तासाने माणूस बदला. नावेत बसलात तर मुलांना वजनाप्रमाणे जॅकेट हवं, आणि जांघेतला पट्टा लावलेलाच हवा. तो नसला तर जॅकेट डोक्यावरून निघून येतं.

१५३० साली बांधलेला हा तलाव २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन रचनांच्या यादीत गेला. पाण्यात साबण, निर्माल्य, तेलाचे दिवे सोडू नका.

काळोखात अंगणात फिरताना टॉर्च आणि बूट हवेतच. जांभ्याच्या दगडांत फुरसं हा विषारी साप असतो. चावला तर पाय बांधू नका, चिरू नका, हलवूही नका. १०८ला फोन करा आणि थेट ओरोसचं जिल्हा रुग्णालय गाठा.