सहा महिन्यांची कोरी पाने

पत्र

माझा मुलगा 23 वर्षांचा असून पदव्युत्तर शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला आहे. 2019 मध्ये तो वसतिगृहात राहायला गेला आणि तेथे मित्रांच्या संगतीने सिगारेट, शनिवारी-रविवारी दारू आणि अधूनमधून गांजा असे सगळे सुरू झाले. साथीमुळे कॉलेज बंद झाले आणि 20 मार्च 2020 रोजी तो घरी परतला. त्याच दिवशी त्याच्या बॅगेत मला सिगारेटचे रिकामे पाकीट सापडले. मी त्याला काही बोललो नाही, परंतु तेव्हापासून एका वहीत तारीखवार नोंदी ठेवत आलो आहे. (मध्यंतरी सहा महिने आपण सगळे सोडले होते, असे तो सप्टेंबरच्या अखेरीस एकदा म्हणाला होता, मी ते पाकीट त्याच्यापुढे ठेवले, तेव्हा गप्प बसला.) त्या ऑक्टोबरपासून तो खोलीला कडी लावून बसू लागला. आज तो दिवसाला आठ-दहा सिगारेटी ओढतो, झोप यावी म्हणून रात्री गांजा घेतो आणि आठवड्यातून दोन-तीनदा एकटाच बसून दारू पितो. मी आयुष्यभर हिशेब तपासण्याची नोकरी केली आणि स्वतः यांपैकी कशालाही कधी शिवलो नाही. साथीने माझ्या मुलाचे वाटोळे केले. त्याचे पैसे बंद करावेत, की त्याच्या मनाविरुद्ध व्यसनमुक्ती केंद्रात दाखल करावे? वहीतील काही नोंदी सोबत जोडल्या आहेत.

— एक हतबल वडील

उत्तर

तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा त्या कंसापाशी अडखळले. सिगारेटी किती, दारू किती वेळा, खोलीला कडी केव्हापासून, हे सगळे तुम्ही ठळकपणे मांडले आहे. आणि 18-19 वर्षांच्या मुलाने कोणाच्याही मदतीशिवाय सहा महिने तीन-तीन गोष्टी सोडल्या होत्या, ही पत्रातली सर्वांत मोठी गोष्ट मात्र तुम्ही कंसात घातली आहे, आणि तीही तो खोटे बोलला होता याचा पुरावा म्हणून.

तो खोटे बोलला नव्हता, असे माझे मत आहे, आणि ते मत मी तुमच्याच वहीवरून बनवले आहे. तुम्ही पाठवलेल्या पहिल्या चार नोंदी येथे पुन्हा लिहिते. 23 मार्च: "काही कारण नसताना बहिणीवर ओरडला." 25 मार्च: "रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात उभा. खायला शोधत होता." 27 मार्च: "झोपेत ओरडला. विचारले तर भलतेच स्वप्न पडले म्हणाला." 9 एप्रिल: "पुस्तक उघडे ठेवून खिडकीबाहेर बघत बसतो." यानंतरची तुम्ही पाठवलेली नोंद थेट 2 ऑक्टोबरची आहे: "खोलीला कडी. आत अत्तराचा उग्र वास." मधल्या काळात काही विशेष आढळले नाही, असे तुम्हीच खाली लिहिले आहे.

सिगारेट अचानक थांबली की शरीर निकोटीन मागू लागते. ही तलफ पहिल्याच दिवशी सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत तीव्र असते आणि तीन-चार आठवड्यांत बरीचशी ओसरते. त्या काळात माणूस चिडतो, त्याला एकसारखी भूक लागते, झोप तुटते आणि वाचलेले डोक्यात शिरत नाही. गांजा वारंवार घेणाऱ्याने तो थांबवला, तर पहिल्या आठवड्यात अस्वस्थता वाढते आणि विलक्षण स्पष्ट, कधी कधी घाबरवणारी स्वप्ने पडतात, कारण गांजामुळे दबलेली स्वप्नांची झोप मग उसळून वर येते. तुमचा मुलगा 20 तारखेला घरी आला. 23 तारीख म्हणजे तिसरा दिवस. बहिणीवर ओरडणे, मध्यरात्रीची भूक, भलते स्वप्न आणि उघडे पुस्तक हे चार प्रसंग सुटे पाहिले, तर कोणत्याही घरात आणि कोणत्याही तरुणाच्या बाबतीत घडू शकतील, आणि ते साथीचे पहिले आठवडे होते, तेव्हा सगळेच धास्तावलेले होते, हेही मी विसरलेले नाही. परंतु हे चार प्रसंग याच क्रमाने, याच अंतराने आले आणि त्यांच्यामागून सहा महिन्यांची कोरी पाने आली, तर त्याचा अर्थ लावायला वैद्यकाची पदवी लागत नाही. तुम्ही दुर्वर्तनाच्या म्हणून लिहिलेल्या त्या चार नोंदी, माझ्या वाचनात, एका मुलाने दात-ओठ खाऊन काढलेल्या वीस दिवसांच्या नोंदी आहेत.

तुम्ही हिशेब तपासणारे गृहस्थ आहात. जमेच्या रकान्यात सहा महिने पडलेले असताना ते खर्ची टाकून खाते बंद करणारा कारकून तुमच्या हाताखाली असता, तर तुम्ही त्याला काय म्हणाला असता, हे मला सांगण्याची गरज नाही.

आता साथीविषयी बोलते, कारण तिने मुलाचे वाटोळे केले, असे तुम्ही ठामपणे लिहिले आहे आणि ते अर्धेच खरे आहे. विद्यार्थ्यांच्या बाबतीत त्या काळात दोन उलट गोष्टी एकाच वेळी घडल्या. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठ 1975 पासून दर वर्षी शाळकरी मुलांची पाहणी करते. तिच्यात बारावीच्या वर्गातील ज्या मुलांनी मागील वर्षभरात दारू घेतली होती, त्यांचे प्रमाण 2020 मध्ये 55.3 टक्के होते, ते 2021 मध्ये 46.5 टक्क्यांवर आले; गांजाचे प्रमाण 35.2 टक्क्यांवरून 30.5 टक्क्यांवर, तर ई-सिगारेटमधून निकोटीन घेण्याचे प्रमाण 34.5 टक्क्यांवरून 26.6 टक्क्यांवर उतरले. 2020 चे आकडे शाळा बंद होण्यापूर्वी गोळा झाले होते, त्यामुळे ही घसरण बंद दारांच्या वर्षातलीच म्हणावी लागते. कॉलेजच्या विद्यार्थ्यांतही जे मित्रांबरोबरचे राहणे सोडून आई-वडिलांकडे परतले, त्यांचे पिणे कमी झाल्याचे दिसले. यामागचे कारण गूढ नाही. या वयात पहिला झुरका आणि पहिला पेला हातात येतो तो मित्राच्या हातून, आणि ती खोली, तो जिना, ती शनिवारची रात्र एकदम नाहीशी झाली की अर्ध्याहून अधिक निमित्तेही नाहीशी होतात. तुमचा मुलगा मार्चमध्ये या मुलांपैकी एक होता.

दुसरी गोष्ट कॅनडातील किशोरवयीन मुलांच्या 2020 मधील पाहणीत दिसली. तेथेही बहुतेक नशेचे पदार्थ घेणाऱ्यांची संख्या घटली होती, परंतु जे घेत राहिले, त्यांचे दारू आणि गांजा घेण्याचे दिवस वाढले होते, आणि घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांनी ते एकट्याने घेतल्याचे सांगितले. म्हणजे गंमत म्हणून घेणारे बाजूला झाले आणि कंटाळा, भीती किंवा झोपेचे खोबरे यांवर उतारा म्हणून घेणारे आणखी आत गेले. तुमचा मुलगा ऑक्टोबरमध्ये या दुसऱ्या गटात गेला, आणि तुमच्या पत्रातील आजच्या वर्णनात मला सर्वांत अधिक काळजी वाटते ती सिगारेटींच्या आकड्याची नव्हे, तर "एकटाच बसून" या दोन शब्दांची. तरुणपणी एकट्याने पिणाऱ्यांमध्ये पुढे पस्तिशीत दारूच्या व्यसनाची लक्षणे दिसण्याची शक्यता अधिक असते, हे दीर्घकालीन अभ्यासांतून पुढे आले आहे. मित्रांत पिणाऱ्याला निदान कोणी तरी "आता पुरे" असे म्हणू शकतो.

मार्च आणि ऑक्टोबर यांच्यामध्ये काय घडले? ऑनलाइन तासांनी काय केले, परीक्षांच्या अनिश्चिततेने काय केले, कोणत्या मित्राशी संपर्क तुटला किंवा कोणत्या मित्राशी पुन्हा जुळला, हे मला कळण्याचा मार्ग नाही आणि खरे सांगायचे तर तुम्हालाही नाही, कारण वहीत तुम्ही मुलगा काय करतो ते लिहिले आहे. तो काय म्हणतो, हे लिहिलेले फारसे दिसले नाही. एवढे मात्र दिसते की, सप्टेंबरच्या अखेरीस तो स्वतःहून तुमच्याकडे आला आणि मी सोडले आहे, असे म्हणाला, आणि तुम्ही सहा महिने जपून ठेवलेले रिकामे पाकीट त्याच्यासमोर ठेवले. त्या पाकिटामुळेच त्याने पुन्हा सुरुवात केली, असे मी म्हणणार नाही. सोडलेले पुन्हा सुरू होणे ही या मार्गावरची नेहमीची गोष्ट आहे आणि कायमचे सोडणाऱ्यांपैकीही बहुतेकांना अनेकदा प्रयत्न करावा लागलेला असतो. पण ते पाकीट 20 मार्चचे होते, म्हणजे त्याने ओढलेले कदाचित शेवटचे पाकीट. तुम्ही त्याला त्याच्या विजयाचा पुरावा गुन्ह्याचा म्हणून दाखवलात. त्यावर तो गप्प बसला यात नवल ते काय? मी त्याच्या जागी असते तर मीही गप्प बसले असते आणि नंतर कडी लावली असती.

तुम्ही स्वतः कशालाही शिवला नाहीत, हेही तुम्ही पत्रात आवर्जून लिहिले आहे. मी त्याचे कौतुक करणार नाही, कारण तो मुद्दा नाही. ज्याला कधी तलफ आलीच नाही, त्याला ती मारण्यासाठी काय लागते याचा अंदाज नसतो, आणि म्हणूनच सहा महिने तुम्हाला कंसात बसण्याइतके छोटे वाटले असावेत.

आता तुमच्या दोन प्रश्नांकडे वळते. पैसे बंद केल्याने तलफ थांबत नाही. 23 वर्षांचा माणूस पैसे इतरत्र मिळवतो आणि घरात तुमच्याशी जे थोडेफार बोलणे उरले आहे, ते संपते. मनाविरुद्ध दाखल करण्याचा विचार तर मनातून काढूनच टाका. जो मुलगा एकदा आपल्या बळावर बाहेर आला आहे, त्याला ओढून नेणे म्हणजे ते बळ त्याच्याकडे कधीच नव्हते, असे त्याला बजावणे होय. याच ओघात एक सावधगिरीही सांगते. तो रोज भरपूर पितो असे पुढे आढळले, तर बाटल्या लपवून किंवा त्याला खोलीत अडवून एका रात्रीत सगळे बंद करण्याचा घरगुती उपाय करू नका, कारण रोज मोठ्या प्रमाणात पिणाऱ्याची दारू अचानक तोडली, तर कंप, घाम आणि झटके येण्यापर्यंत वेळ जाऊ शकते, आणि ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवे.

तुम्ही करायचे काम एकच आहे आणि ते याच आठवड्यात करा. ती वही घ्या, त्याच्या दारावर टकटक करा आणि तो आत येऊ देईपर्यंत बाहेर थांबा. 23 मार्च ते 9 एप्रिलची पाने त्याच्यासमोर उघडा आणि म्हणा, "तू तेव्हा खरे सांगत होतास. माझ्याच वहीत आहे, आणि मला ते वाचता आले नाही." हे वाक्य तुम्हाला जड जाईल, कारण त्यात वडिलांनी चूक कबूल केली आहे, म्हणूनच ते सौम्य करू नका, "तुझीही चूक होतीच, पण" असे शेपूट त्याला जोडू नका. त्यानंतर फक्त एवढे विचारा की, त्या वेळी कसे जमले. पहिल्या रात्री काय केले, सर्वांत वाईट दिवस कोणता होता, तलफ आली की हात कुठे गुंतवले, कोणाशी बोलला. हे प्रश्न तुमच्या समाधानासाठी नाहीत. आज तो स्वतःला न सुटणारा व्यसनी समजत असण्याची दाट शक्यता आहे, आणि त्याने एकदा काय केले होते हे त्याच्याच तोंडून त्याच्याच कानांवर पडणे, ही त्याच्या हाताशी असलेली सर्वांत उपयुक्त माहिती आहे. व्यसनमुक्तीचे काम करणारा कोणताही जाणता समुपदेशक पहिल्या भेटीत त्याला हेच विचारेल की, यापूर्वी कधी सोडले होते का आणि तेव्हा कशाची मदत झाली.

तो कदाचित बोलणार नाही. चार वर्षांनी वडिलांनी एक वाक्य म्हटले म्हणून कोणी लगेच कडी काढत नाही, तेव्हा त्या रात्री उत्तराची वाट पाहत ताटकळू नका आणि तेच वाक्य दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणू नका. तो बोलला, तर मधे "मग आता पुन्हा कर" हे शब्द येऊ देऊ नका. ते त्याला सुचतील. डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जायचे त्याच्या मनात आले, तर सोबत येऊ का, असे विचारा आणि तो नको म्हणाला तर नका जाऊ. सिगारेटींची मोजणी आजपासून बंद करा. आणि निघताना ती वही त्याच्या टेबलावरच ठेवून या. परत मागू नका.