बीपीच्या गोळीनं वजन वाढतं का?

"मॅडम, ही गोळी सुरू झाल्यापासून सहा किलो वाढले. म्हणून बंदच केली." पंचेचाळिशीच्या ताईंनी पर्समधून टेल्मिसार्टन 40 चं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. निम्म्याहून जास्त गोळ्या तशाच होत्या. त्या दिवशी बीपी होतं 158/96.

आहार-समुपदेशनात हा प्रश्न मला सारखा येतो आणि तो अगदीच बिनबुडाचा नाही. अटेनोलॉलसारख्या गोळ्यांनी सरासरी किलोभर वजन वाढू शकतं. अम्लोडिपिननं काहींच्या घोट्यांवर सूज येते. पण टेल्मिसार्टनवर हा आळ घालता येत नाही.

मूत्रपिंडातून रेनिन नावाचं हार्मोन सुटतं आणि यकृतात बनणाऱ्या अँजिओटेन्सिनोजेन या प्रथिनावर काम करतं. पुढच्या पायऱ्यांवर त्यातून अँजिओटेन्सिन-2 तयार होतं. ते रक्तवाहिन्या आवळतं, शिवाय अल्डोस्टेरॉन वाढवून शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं. टेल्मिसार्टन त्यालाच अडवतं. गंमत अशी, की हे अँजिओटेन्सिनोजेन आपल्या चरबीतही बनतं. पोट सुटलं की बीपीच्या या कारखान्याला कच्चा माल वाढतो. "म्हणजे गोळीनं वजन नाही वाढवलं ताई, वजनानं बीपी वाढवलंय."

"पण मुलगा म्हणतो, या रेनिन हार्मोनशिवायचे उंदीर काहीही खाऊन बारीक राहतात. मग डबल डोस घेऊ?"

मुलानं वाचलं ते खरं होतं. रेनिनचं जनुकच काढून टाकलेले उंदीर चरबीयुक्त खाणं देऊनही लठ्ठ झाले नाहीत. पण त्यांचं बीपी फार खाली गेलेलं असतं आणि मूत्रपिंडंही धड नसतात. माणसात या गोळीनं बीपी उतरतं. वजन उतरवायला ती कुणी देत नाही. डोस मनानं वाढवणंही नको आणि तोडणंही नको.

मग सहा किलो आले कुठून? मी त्यांना रोजचं ताट सांगायला लावलं. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितल्यावर ताईंनी भाजीतलं मीठ पार बंद केलं होतं. अळणी भाजी घशाखाली उतरेना, म्हणून वर मूठभर शेव, बाजूला लोणचं आणि तळलेला पापड. दोन्ही जेवणांना. मूठभर शेव म्हणजे दीडेकशे कॅलरी, शिवाय मीठ वेगळंच! बाईंनी मीठ सोडलंच नव्हतं, फक्त ते तळून खात होत्या.

मी भाजीत मीठ परत घालायला लावलं. दिवसाचं सगळं मिळून माणशी पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. चवीला लिंबू, आमसूल, भाजलेल्या तिळाचं कूट. सैंधवाबद्दल त्यांनी विचारलंच. त्यातही सोडियम असतंच. आणि 'लो सोडियम' मीठ तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको, कारण त्यात पोटॅशियम असतं आणि टेल्मिसार्टननंही रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. वयस्कर, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या माणसाला हे महागात पडतं.

त्याच दुपारी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. गोळी पुन्हा सुरू झाली. तीन महिन्यांनी वजन साडेतीन किलोनं कमी, बीपी 130/84. आता बंद करू का, हे त्यांनी पुन्हा विचारलं, पण या वेळी डॉक्टरांना. डॉक्टरांनी डोस तोच ठेवलाय.