आधी सांगाडा तपास

तर्कशास्त्र शिकताना व्याख्या पाठ करत बसू नकोस, मीही त्यात दोन महिने घालवले. हे बघ: 'सगळ्या सोलापुरी चादरी सुती. ही चादर सुती. म्हणून ही सोलापुरी.' पटलं ना पटकन? पण सुती चादर इचलकरंजीचीही असेल की. विधानं खरी धरली तरी निष्कर्ष निघत नाही, म्हणजे युक्तिवाद अवैध.

आता उलटं. 'सगळे सोलापूरकर शेंगाचटणी खातात. माझा मेहुणा सोलापूरकर. म्हणून तो खातो.' हा वैध आहे! निष्कर्ष मात्र खोटा. मेहुण्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, ताटाला चटणी लागली तरी तो उठतो. पहिलं विधानच खोटं होतं. वैधता सांगाड्याची, म्हणजे युक्तिवादाच्या रचनेची; सत्य विधानाचं. नवखे इथेच अडकतात.

आपल्या न्यायदर्शनात, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय परंपरेत, अनुमानाचे पाच अवयव आहेत: प्रतिज्ञा (काय सिद्ध करायचं), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (उदाहरण इथे लागू करणं), निगमन (निष्कर्ष). डोंगरावर धूर, म्हणून आग, जसं स्वयंपाकघरात. पण आग आहे म्हणून धूर असेलच असं नाही. लालबुंद तापलेला लोखंडी गोळा आठव: आग आहे, धूर नाही.

रोज पेपरातलं एक 'म्हणून' शोध आणि त्याला मोडणारं एक उदाहरण काढायचा प्रयत्न कर. नाही सापडलं तर मला पाठव, चहा घेता घेता बघू.