कशातच राम वाटेना

"मॅडम, माझ्यातलं कायतरी मेलंय बघा."

समोर साठीतले गृहस्थ. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत ३५ वर्षं काढलेले. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत.) तरणेपणी भर पावसात राजदूतवरून आंबोली गाठणारा माणूस आता मुलगा गाडी काढतो तरी उठत नाही. मुलीला डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची धास्ती.

मी आधी झोप-भुकेचं विचारलं. मग म्हटलं, "कुंदा खावासा वाटतो का?" (कुंदा म्हणजे आमची बेळगावची दुधाची मिठाई.)

"शुगर आहे हो. लपवून खातो."

माझा अर्धा जीव भांड्यात पडला. खऱ्या नैराश्यात बहुतेकदा कुंद्याचीही गोडी जाते.

थराराची ओढ वयाबरोबर ओसरते. मार्व्हिन झुकरमन या मानसशास्त्रज्ञाने ही ओढ मोजायची प्रश्नावलीच केली होती. लवकर कंटाळणं हा तिचा एक भाग. विशीच्या आसपास ती ऐन भरात असते, कारण मेंदूतली बक्षिसाची यंत्रणा तेव्हा फार हळवी आणि लगाम धरणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पिकतच असतो. म्हणजे घाट नकोसा होणं हा आजार नव्हे.

पण त्यांनी भजनही सोडलं होतं. ते मला खटकलं, कारण भजनात कसला आलाय थरार? खोदून विचारलं तेव्हा कळलं, शब्दच नीट कळेनात, सारखं "काय?" म्हणायची लाज. भट्टीजवळच्या आवाजात इतकी वर्षं गेलेली! मी त्यांना आधी कानाच्या डॉक्टरांकडे धाडलं, जोडीला थायरॉइड आणि बी-१२ ची तपासणी. कानाचंच निघालं. मन मेलंय म्हणून आलेल्या माणसाला यंत्र लागलं. वाटा चुकणं, तेच तेच विचारणं यातलं काही दिसलं तर मात्र थांबू नका, असं मुलीला बजावलं.

दुसऱ्या खेपेला ते पिशवी घेऊनच आले. वाटणीसाठी ट्रंक उघडली होती. आमच्याकडे बऱ्याच घरांत असं निघतं: मोडीतले जुने कागद, १९५६ पर्यंतच्या मुंबई राज्यातले मराठी, आणि आताचा कन्नड उतारा. मोडीतल्या एका ओळीवर त्यांनी तीन रात्री घालवल्या होत्या. मिळेल ते नवं चाखायची हाव गेली होती, पण हे एकच कोडं सुटेपर्यंत त्यांना चैन नव्हतं.

"हे 'न' आहे का 'त', मॅडम?"

मोडी मलाही येत नाही. आम्ही दोघं त्या कागदावर वाकलो. बाहेरच्यांना वीस मिनिटं थांबावं लागलं.